नर्सिंगची पदवी आणि खांद्यावर लेफ्टनंटचे तारे : वाट आहे, पण माहिती पोचत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नीटचा निकाल लागला की घराघरांत एमबीबीएसच्या कटऑफची चर्चा सुरू होते. तिथे गुण कमी पडले की आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी अशी उतरंड लागते. त्याच नीटच्या गुणांवर सैन्यदलाच्या खर्चाने चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग करता येते आणि ती पूर्ण होताच मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळते, हे बहुतेक पालकांच्या गावीही नसते. ज्यांना माहीत असते त्यांच्याही मुली एखाद्या कागदापायी किंवा अकरावीत निवडलेल्या विषयापायी बाद होतात. ही गळती टाळता येण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सिस्टर म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची नोकरी’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांनी लक्षात घ्यावे की ही अधिकाऱ्यांची सेवा आहे. आजच्या रूपातील मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १ ऑक्टोबर १९२६ रोजी उभी राहिली आणि १९४३ च्या अध्यादेशाने ती सैन्यदलांचा भाग झाली. लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंतची पदे त्यात आहेत. नेमणूक भूदल, नौदल, हवाई दल यांपैकी कोणत्याही रुग्णालयात होते.

पदवीसाठी सहा कॉलेजे आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) ४०, मुंबईचे नौदलाचे रुग्णालय आयएनएचएस अश्विनी ४०, लखनौ ४०, बंगळूरु ४०, कोलकाता ३० आणि दिल्ली ३०, अशा एकूण २२० जागा. दोन कॉलेजे महाराष्ट्रात असली तरी राज्याचा वेगळा कोटा नाही. पुण्यात राहणाऱ्या मुलीला कोलकात्यालाही जावे लागू शकते, याची तयारी घरच्यांनी आधीच ठेवावी.

खरी चूक अकरावीत होते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि एकूण गुण किमान ५० टक्के हवेत. गणिताबरोबर संगणकशास्त्र घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलींचा रस्ता तिथेच बंद होतो. दुसरी अट आणखी कडक आहे. बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि नियमित विद्यार्थिनी म्हणून उत्तीर्ण झालेली असावी लागते. एका विषयात राहून पुरवणी परीक्षेत सुटलेली मुलगी, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेली मुलगी, पुढे नीटमध्ये कितीही गुण मिळवो, इथे पात्र ठरत नाही. मला ही अट जाचक वाटते, कारण १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मुलींपैकी अनेक जणी घरच्या अडचणींमुळे तो भरतात. पण आज नियम असा आहे, आणि तो अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच कळायला हवा.

वय साधारण १७ ते २५ लागते. अविवाहित, घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा स्त्रियांना अर्ज करता येतो. शेवटच्या तिन्ही गटांत मागे जबाबदारी नसावी अशी अट आहे. अलीकडच्या जाहिरातींत किमान उंची १५२ सेंटिमीटर दिलेली असते. घरच्या भिंतीवर मोजण्याऐवजी दवाखान्यात अनवाणी उभे राहून मोजून घ्यावी.

महाराष्ट्रात एक खास गोंधळ होतो. राज्यातील बी.एस्सी. नर्सिंगसाठी सीईटी सेल आता स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते. ती दिली म्हणजे सगळे नर्सिंग त्यात आले, असे मुली धरून चालतात. लष्करी नर्सिंगला ती चालत नाही. तिथे २०२२ पासून नीट सक्तीची आहे. उलट, नुसती नीट देऊनही भागत नाही. भूदलाच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. त्याची तारीख दरवर्षी सारखी नसते. कधी जाहिरात नीटच्या आधी येते, कधी निकालानंतर, आणि खिडकी थोडेच दिवस उघडी असते. एएफएमसीच्या एमबीबीएसची प्रक्रिया वेगळी आणि ही वेगळी. त्यामुळे ‘एएफएमसीला पसंती दिली होती’ असे म्हणून उपयोग नाही.

अर्ज भरताना नावाचा घोळ ठरलेला. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी. नीटचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याने तिसऱ्याच पद्धतीने भरलेला असतो. संकेतस्थळ दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव आणि जन्मतारीख मागते. कागदपत्रांच्या तपासणीत तीन ठिकाणी तीन नावे निघाली की धावपळ सुरू होते. आधारमधील दुरुस्ती दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम बारावीचे वर्ष सुरू होतानाच करून घ्यावी. नीटचा फॉर्मही त्याच नावाने भरावा.

नीटच्या गुणांवरून निवडक मुलींना पुढच्या फेरीला बोलावतात. त्यात संगणकावर सामान्य बुद्धिमत्ता आणि सामान्य इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी असते. आपल्या मुली बहुतेक इथे अडखळतात. नीट मराठीतून देता येते, ही मोठीच सोय; पण त्या सोयीमुळे दोन वर्षे इंग्रजी बाजूला पडते आणि मग एकदम इंग्रजीचीच चाचणी समोर येते. नीटचा पेपर झाला त्या संध्याकाळपासून निकालापर्यंतचा काळ यासाठी वापरावा. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचावी, शब्दार्थ, विरुद्धार्थी शब्द आणि वाक्यातील चूक ओळखण्याचे प्रश्न सोडवावेत, आकृत्यांचे व अंकमालिकांचे प्रश्न घड्याळ लावून करावेत. मुलाखतीत ‘देशसेवा करायची आहे’ हे पाठ केलेले वाक्य सगळ्याच जणी म्हणतात. वॉर्डात नर्स काय काम करते, आणि मला तेच काम का करायचे आहे, हे साध्या भाषेत सांगता आले पाहिजे.

वैद्यकीय तपासणी सैन्याच्या निकषांवर होते. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही असते. किडलेले दात, कानात घट्ट बसलेला मळ, रक्तक्षय, उंचीच्या मानाने कमी किंवा जास्त वजन, या चार गोष्टी आधीच दुरुस्त करता येतात आणि नेमक्या त्याच राहून जातात. शाबूत दातांना गुण दिले जातात; असे किमान १४ दंतगुण लागतात. दाढा काढून टाकण्याआधी त्या वाचवता येतील का, हे दंतवैद्यांना विचारावे. हिमोग्लोबिन आठवड्यात वाढत नाही, त्याला महिने लागतात. तेव्हा बारावीच्या दिवाळीतच रक्त तपासून घ्यावे. गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागच्या बाजूस असेल तर चालते, इतरत्र चालत नाही. आदिवासी समाजातील परंपरागत गोंदणाचा मात्र वेगळा विचार होतो, त्यामुळे नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलींनी त्या धास्तीने अर्ज टाळू नये. तपासणीत अपात्र ठरवले तर कारण आणि अपिलाची मुदत लेखी घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

निवड झाल्यावर राहणे, जेवण, गणवेश आणि विद्यावेतन मिळते. अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलचाच, आठ सत्रांचा. शरीररचनाशास्त्रापासून समाज आरोग्य परिचर्येपर्यंत सगळे तेच, जे इतर कॉलेजांत असते. शिस्त मात्र छावणीची. पहाटे पीटी, कवायत, मग वॉर्ड, मग वर्ग. अभ्यास आणि अधिकारी घडणे एकाच चार वर्षांत होते, त्यासाठी नंतर वेगळ्या अकादमीची वाट पाहावी लागत नाही.

काम कशा प्रकारचे असते, याचे एक उदाहरण देते. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याला दुखापत झालेले जवान असतात. कमरेखाली संवेदना नसलेल्या रुग्णाला जखम होते आहे हेच कळत नाही. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. त्या वेळी माकडहाड, टाचा आणि नितंबाची हाडे उजेडात पाहायची. लालसर डाग दिसला की बोटाने दाबायचा. दाबल्यावर तो पांढरा झाला नाही तर तिथे दाबव्रण (सततच्या दाबाने होणारी जखम) सुरू झाला आहे, आणि त्या बाजूवर त्याला पुन्हा झोपवायचे नाही. चादरीची एक सुरकुती किंवा मूत्रनलिकेची नळी अंगाखाली राहिली तरी व्रण होतो, आणि तो भरायला महिने जातात. आपल्या हाताखालच्या सहायकाकडून हे रात्री तीन वाजताही चोख करून घेणे, नोंदवहीत वेळ टाकणे, आणि त्या पंचविशीतल्या जवानाशी न कंटाळता बोलणे, यात परिचारिका आणि अधिकारी वेगळ्या काढता येत नाहीत.

पालकांना काही गोष्टी स्पष्ट माहीत असाव्यात. प्रवेशाच्या वेळी सेवेचा करार करावा लागतो. मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. प्रशिक्षणाच्या काळात लग्न करता येत नाही. त्यानंतर मात्र लग्नामुळे नोकरी जाईल ही भीती जुनी झाली. लग्न केल्यावर सेवामुक्त करणारा १९७७ चा नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, आणि त्या नियमाखाली १९८८ मध्ये घरी पाठवलेल्या एका अधिकारी परिचारिकेला ६० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला.

पगार चांगला आहे. लेफ्टनंटचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. पण मूळ वेतनाशिवाय मिळणारा मिलिटरी सर्व्हिस पे इतर अधिकाऱ्यांना १५,५०० आणि नर्सिंग अधिकाऱ्यांना १०,८०० रुपये. हुद्दा तोच, छावणी तीच, बदल्याही तशाच; मग हा ४,७०० रुपयांचा फरक कशासाठी? तो जायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुली आधीच नागरी कॉलेजांतून बी.एस्सी. झाल्या आहेत त्यांनाही शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदाचा, रस्ता आहे. त्यासाठी बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. (पदविकेनंतरची पदवी) किंवा एम.एस्सी. नर्सिंग, राज्याच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी आणि वय २१ ते ३५ लागते. कमिशन आधी पाच वर्षांचे, पुढे मुदतवाढ मिळू शकते. नुसत्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविकेवर अर्ज करता येत नाही. त्या मुलींनी पोस्ट बेसिकची दोन वर्षे पूर्ण करावीत. मागे नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेने १४ जानेवारी २०२४ रोजी या कमिशनची परीक्षा घेतली तेव्हा अर्जासाठी डिसेंबरातला जेमतेम पंधरवडा मिळाला होता. पदवीचा निकाल हातात असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीला आळस केलेल्या मुलींना इतक्या दिवसांत काहीच करता येत नाही. निकाल लागला की त्याच महिन्यात नोंदणीचा अर्ज करावा.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की या दोन्ही जाहिराती निघतील त्या दिवशी त्या करिअरच्या पानावर ठळक द्याव्यात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) तयारीसाठी शासनाने २०२३ मध्ये नाशिकला मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली आहे. तिथे नीट झालेल्या मुलींसाठी इंग्रजी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मुलाखतीचा महिनाभराचा वर्ग घेतला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या प्रवेश अर्जासोबतच्या माहितीपत्रकात दोनच ओळी छापाव्यात : लष्करी नर्सिंगसाठी जीवशास्त्र आवश्यक, बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि नियमित विद्यार्थिनी म्हणून उत्तीर्ण असणे आवश्यक.

आपली,
नर्सिंग कॉलेजातील एक अध्यापिका, सातारा