देवेंद्रजी, त्यांना तिकडेच बसू द्या

मा. देवेंद्रजी फडणवीस,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा मतदार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची पाचवी पिढी ग्वाल्हेरला. जुनं घर इथल्या लष्कर भागात होतं, आता मत ग्वाल्हेर पूर्वला. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, पण रात्री टीव्हीवर मुंबईच लागते कारण बाबांना भोपाळपेक्षा तुमच्याकडच्या भानगडींत जास्त रस. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंच्या निरोपाला तुम्ही सभागृहात उद्धवजींना म्हणालात ना, की 2029 पर्यंत आम्हाला तिकडे, म्हणजे विरोधात, यायचा स्कोप नाही पण तुम्हाला इकडे सत्तेत यायचा आहे, तेव्हा सगळं सभागृह हसलं, आम्हीही हसलो. बाबा नाही हसले. म्हणाले, "असंच सुरू होतं हे."

बाबांचं दुखणं जुनं आहे. 2018 ला आमच्याकडे हातावर मुन्नालाल गोयल आणि कमळावर सतीश सिकरवार. बाबा पक्के हातवाले, आई पक्की कमळवाली, गोयल जिंकले, बाबा खूश. मग मार्च 2020 मध्ये 22 आमदारांनी राजीनामे दिले, त्यात आमचेही, 20 तारखेला कमलनाथ सरकार गेलं, 23 ला शिवराजजींची शपथ आणि 24 ला लॉकडाऊन, म्हणजे चौकात जाऊन दोन शिव्या घालायचीही सोय राहिली नाही. नोव्हेंबरात पोटनिवडणूक. तोवर गोयल कमळावर आलेले आणि सिकरवार हातावर. माणसं तीच, फक्त चिन्हांची अदलाबदल! आई म्हणे मी कमळ सोडणार नाही. बाबा म्हणे, "म्हणजे तू माझ्या गोयलला मत देणार." "आणि तुम्ही माझ्या सिकरवारला," आई. दोन दिवस चहा वेगवेगळा झाला आमच्याकडे. शेवटी सिकरवार जिंकले, म्हणजे आईचा माणूस बाबांच्या चिन्हावर, आता पेढे कोणी आणायचे ते काही ठरेना. मध्य प्रदेशात 28 जागांपैकी 19 भाजपला गेल्या, सरकार पक्कं झालं, पण 2018 ला दिलेल्या मताचं काय झालं हे बाबांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आजोबा तर 1967 चं सांगायचे, राजमाता विजयाराजे सिंधिया, गोविंद नारायण सिंह आणि काँग्रेसचे फुटलेले 36 आमदार, द्वारकाप्रसाद मिश्रांचं काँग्रेस सरकार पडलं. दोन वर्षं होत नाहीत तर तेच गोविंद नारायण सिंह काँग्रेसमध्ये परत. असो.

तुम्ही म्हणाल ते सरकार पाडणं होतं, मी तर प्रेमाने बोलावतोय. बरोबर. पण कशाला बोलावताय? 288 मध्ये तुमचे तिघांचे मिळून 230. मंत्री 43 च्या वर करता येत नाहीत आणि आहेत त्यांच्यातच खात्यांवरून रुसवेफुगवे चाललेले रोज दिसतात. आकडा लागत नाही, खुर्ची द्यायला नाही. मग चौथ्याला आत घेऊन तुम्हाला मिळणार काय, तर समोरून प्रश्न विचारणारा एक तोंड कमी होणार, एवढंच ना?

आणि तुमच्याकडे विरोधी पक्षनेत्याची खुर्ची म्हणजे मंत्रालयाची वेटिंग रूम झालीय, राग मानू नका. 2014 ला शिवसेना विरोधात बसली, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते, जेमतेम महिना झाला आणि 5 डिसेंबरला सगळे सरकारात. 2019 ला विखे पाटील ती खुर्ची सोडून थोड्याच महिन्यांत तुमचे मंत्री. 2023 ला अजितदादा, आदल्या दिवशी विरोधी पक्षनेते, 2 जुलैला उपमुख्यमंत्री. शिवसेनेचं तर तुम्हालाच जास्त आठवत असेल, पाच वर्षं कॅबिनेटमध्ये बसायचं, बाहेर येऊन सरकारवरच टीका करायची आणि राजीनामे खिशात आहेत म्हणायचं. ना धड सरकार ना धड विरोध. तेच परत हवंय का?

आता आमदार तिकडून इकडे का जातात, तर दरवेळी सांगतात मतदारसंघाच्या विकासासाठी. हसू येतं पण अगदी खोटं नाही हे. विरोधी आमदाराचा रस्ता अडतो, निधी अडतो, आणि लोक त्यालाच धरतात की तू काय केलंस. आमच्याकडेही पार्षद, म्हणजे नगरसेवक, पक्ष बदलतो आणि मग गल्लीतली नाली होते, स्वतः पाहिलंय, अर्धीच झाली पण झाली. तर देवेंद्रजी, हे दुखणं बोलावून घेऊन बरं होत नाही, तिकडे बसलेल्यालाही इकडच्याइतकाच निधी दिलात की अर्धी रांग आपोआप मोडेल. आणि ते तुमच्या सहीने होतं.

दुसरं, ती खुर्ची भरा. 2024 च्या निकालापासून विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही, दानवे गेल्यावर परिषदेतलीही रिकामी झाली. दहा टक्के म्हणजे 29 आमदार लागतात म्हणे आणि उद्धवजींचे 20. पण तुमच्या 1978 च्या कायद्यात दहा टक्के कुठे आहेत? विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, बस. दिल्लीत 2015 ला भाजपचे 70 पैकी 3 आमदार होते, तीन! तरी विजेंद्र गुप्तांना ते पद मिळालं, आणि समोर केजरीवाल होते, कोणी मित्र नव्हते. तुम्ही स्वतः 2019 ते 2022 त्या खुर्चीवर होतात, कागद घेऊन उभे राहायचात तेव्हा बाबा काँग्रेसवाले असून आवाज वाढवायचे टीव्हीचा.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली तुला काय कळतं, उद्धव परत आला तर जुनी युती होईल, बरंच आहे की. बाबा काही बोलले नाहीत, चहा मात्र आज त्यांनी स्वतःच केला, एकच कप.

आपला,
ग्वाल्हेरचा एक मराठी माणूस