शेतीच्या बंदुकीला पिस्तुलाच्या पंगतीत बसवू नका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातील शस्त्रपरवान्यांवरचा अग्रलेख वाचला. बीडमध्ये परवान्यांची कशी खिरापत वाटली गेली आणि पुण्यात पोलिसांनी नाकारलेल्या परवान्याला अपिलात मंत्रालयातून मंजुरीचा आदेश कसा निघाला, याची आपण पुन्हा एकदा उजळणी केलीत, ते योग्यच झाले. मात्र त्याच दमात, निवडणुकीच्या काळात झाडून सगळ्या परवानाधारकांची शस्त्रे ताब्यात घेतली जातात ही प्रशासनाची तत्परता असल्याचे प्रशस्तिपत्रही आपण देऊन टाकलेत. त्या तत्परतेचा लाभ घेतलेल्यांपैकी मी एक असल्याने हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झालेली शेतीसंरक्षणाची एक ठासणीची बंदूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले, तर काडतुसाची बंदूकही देता येते, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे ही आमची हौस नसून कायद्याने मान्य केलेली गरज आहे. ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की एक बार काढल्यावर पुन्हा दारू ओतून, गजाने ठासून, छर्रे भरून, बार पेटवणारी टोपी चढवेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेले असते. या हत्याराच्या जोरावर कोणाला मतदान केंद्र ताब्यात घ्यायचे असेल, तर दोन बारांच्या मध्ये त्याला मतदारांना जरा थांबण्याची विनंती करावी लागेल. वन खात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. बहुतेक रात्री नुसत्या आवाजावरच राखण भागते.

आता २०२४ सालचे पंचांग पाहा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान ७ मेला उरकले, पण मतमोजणी ४ जूनला होती, त्यामुळे आमच्याकडचे मतदान आटोपल्यावरही आणखी महिनाभर बंदुका ठाण्यातच राहिल्या. याच अडीच-तीन महिन्यांत काजूचे बोंडू आणि आंबा झाडावर असतो आणि वानर आणि केलडी (लाल तोंडाची माकडे) बागेत ठाण मांडून बसतात. पुढे विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. गरवे भात नेमके याच दिवसांत तयार होऊन कापणीला येते. निवडणूक आयोगाने तारखा वानर आणि डुकरांशी सल्लामसलत करून ठरवल्या, असे मी म्हणत नाही. तसे करूनही याहून सोयीच्या तारखा मात्र त्यांना सापडल्या नसत्या.

विधानसभेच्या वेळी पोलीस पाटलांचा निरोप आला, तेव्हा मी मुकाट्याने बंदूक घेऊन ठाण्यात गेलो आणि कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीच्या यादीत माझे नाव आहे का, एवढेच नम्रपणे विचारले. तेथील कर्मचाऱ्याने मान वर न करता सांगितले, "यादी-बिदी काही नाही काका, वरून आदेश आहे, सगळ्यांच्याच घ्यायच्या." पावतीवर 'एक बंदूक' एवढेच लिहिले होते. क्रमांक घाला म्हटल्यावर तो नळीवरचा अंक चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवला आणि त्यांनी तो लिहून घेतला. ज्या खोलीत बंदुका ठेवल्या होत्या तिच्या मागच्या भिंतीला पावसाळ्याची ओल तशीच होती. त्याच भिंतीला टेकवून, सुतळीने पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेल्या बंदुका एकीला एक लावून उभ्या केल्या होत्या.

निकालानंतर बंदूक परत मिळायलाही दोन खेपा घालाव्या लागल्या, कारण एकदा चावी ज्यांच्याकडे असते ते बंदोबस्तावर होते. हाती आली तेव्हा पुठ्ठ्यावरचे नाव पुसून गेले होते, नळीच्या तोंडाशी तांबूस गंज धरला होता, टोपी बसते ते छिद्र बुजले होते आणि गज गायब होता. गजाची चौकशी केली, तर पावतीवर गज लिहिलेला नाही, असे उत्तर मिळाले. ते खरेच होते, पावतीवर दस्ता आणि घोडाही लिहिलेला नव्हता! मधल्या काळात ओढ्याकाठच्या मळ्यात डुकरांचा कळप दोन रात्री लागोपाठ येऊन गेला आणि तयार भात कापायच्या ऐवजी चिखलातून वेचायची वेळ आली. नुकसानभरपाईसाठी रीतसर अर्ज केला. पंचनाम्याला माणूस आला तोवर उरलेसुरले भात आम्ही कापून घेतले होते, आणि उभे पीक नाही तर नुकसान कसले दाखवणार, असे त्याने आम्हालाच विचारले. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि आपण माझ्या मागच्या पत्रातला भरपाईचा परिच्छेद नेमका गाळला होतात, म्हणून येथे आटोपते घेतो.

मुद्दा असा, की "सगळ्यांच्याच घ्यायच्या" हा नियमच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्येच सूचना काढल्या आहेत. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांची शस्त्रे जमा करून घ्यायची, रीतसर पावती द्यायची, शस्त्रे सुरक्षित ठेवायची आणि निकालानंतर आठवड्याने ती परत करायची, असे त्यांत आहे. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही सरसकट आदेश काढून शस्त्रे जमा करायला लावता येणार नाहीत, असे बजावले. आता ठासणीच्या एका बंदुकीसाठी प्रत्येक निवडणुकीला वकील लावून कोर्टात जाणे आमच्यासारख्यांना परवडणारे आहे का? कोर्टात तारीख मिळेपर्यंत मळणीसुद्धा उरकलेली असते. बंदूक जमा न करणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून सगळे निमूटपणे रांगेत उभे राहतात आणि त्या रांगेलाच आपण प्रशासनाचे यश म्हणता.

शेजारच्या कर्नाटकात, कोडगूमध्ये, तेथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या) जमीनधारकांना परवाना घेण्यापासूनच सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. तशी सूट आम्ही मागत नाही. आम्ही परवाना घेतो, शुल्क भरतो, नूतनीकरणासाठी पोलीस चौकशीला सामोरे जातो, राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांकही संगणकावर चढवून घेतला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तिलाही आमची हरकत नाही, कारण आमच्यापैकी बहुतेकांकडे एकच बंदूक असते आणि तीही आजोबा-पणजोबांच्या वेळची.

पिस्तूल कमरेला लावून समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकणाऱ्यांना आणि रात्री मळ्यावर राखणीला जाणाऱ्यांना आपण एका पंगतीत बसवलेत, याचे वाईट वाटते. त्यात अग्रलेखाशेजारच्या चौकटीत शेतीसंरक्षण परवान्यांचा मजकूर देताना वर परदेशी बनावटीच्या पिस्तुलाचे चित्र छापलेत. जिल्ह्याच्या पानावर रोज कोणा ना कोणाच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात मावते, तेथे ठासणीच्या बंदुकीच्या एका साध्या छायाचित्राला जागा मिळायला हरकत नव्हती. पाहिजे असल्यास मी पाठवतो.

आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी एक काम मात्र जरूर करावे. पुढची आचारसंहिता लागली, की जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन छाननी समितीची बैठक कधी झाली, तिच्यासमोर किती परवानाधारकांची नावे आली आणि त्यांतील किती जणांना बंदूक घरी ठेवण्याची मुभा मिळाली, हे विचारावे आणि मिळेल ते उत्तर जसेच्या तसे छापावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक शेतीसंरक्षण परवानाधारक, तळकोकण