हर्णैच्या बत्तीसाब काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. (बत्तीसाब म्हणजे जहाजावरची विजेची कामं बघणारा साहेब.) आणि हर्णैपासून दाभोळपर्यंत कितीतरी बोटवाले सीझन आला की नवी बॅटरी घेतात, ती पण बसली की कपाळाला हात लावतात, त्यांनी पण हे वाचावं असं मला फार वाटतं.

आमची बोट तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगते. फायबरची बोट, आत डिझेल इंजिन, १२ व्होल्टची १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे १ अँपिअर करंट १०० तास पुरेल एवढी) एकच बॅटरी, त्याच्यावरच सेल्फ, दिवे, फिशफाइंडर आणि तळातलं पाणी काढायचा पंप. सुवर्णदुर्गाला आणि डॉल्फिन बघायला पर्यटक नेतो, बोट हे आणि भावोजी बघतात, बुकिंग आणि हिशोब माझ्याकडे. त्या वेळी बोट दोन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं कट कट, इंजिन काही फिरायचं नाही. आणि दिवसभर फेऱ्या मारून पण बॅटरी भरलेली नसायची. एकदा किल्ल्यापाशी लहान पोरं बसलेली असताना इंजिन उठेना, शेवटी शेजारच्या बोटीवरून केबल टाकून चालू करावं लागलं, त्या पोरांच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. दुकानात सांगितलं बॅटरी गेली, जुनी एक्स्चेंजला देऊन नवी घेतली, काही दिवस बरं चाललं आणि परत तेच. मग कुणी म्हणे डायनमो बदला, कुणी म्हणे सेल्फ खोला. सगळे सांगत होते ते चांगल्या मनानंच, पण मोजून कुणीच बघितलं नव्हतं.

तुम्ही लिलावाला मासळी घ्यायला आला होतात, ह्यांनी सहज विषय काढला आणि तुम्ही पिशवी भावोजींकडे देऊन सरळ बोटीवर चढलात. पहिलं वाक्य काय होतं तर “आज काही विकत घ्यायचं नाही, आज फक्त मोजायचं.” जन्मभर मोठ्या जहाजांवर बत्तीसाब म्हणून काम केलेला माणूस आमच्या एवढ्याशा बोटीच्या तळात गुडघ्यावर बसला आणि मला म्हणाला, पोरी, वही काढ, मी आकडे सांगतो तू लिही.

सुरुवात करायच्या आधी तुम्ही बॅटरीच्या खोक्याचं झाकण उघडून वारा लागू दिलात, कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि एक ठिणगी पुरते. मला बांगड्या काढायला लावल्यात, मंगळसूत्र कॉलरच्या आत टाकायला सांगितलंत, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलीत. धातू दोन्ही टर्मिनलला टेकला तर क्षणात लालबुंद होतो म्हणालात. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, हे वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मग सगळे स्विच बंद करून निगेटिव्हची केबल काढलीत आणि मल्टीमीटरची वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर बॅटरीचं टर्मिनल आणि केबलच्या मध्ये धरलात. मीटर असा मध्ये असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळतो, हे दोनदा बजावलंत. आकडा आला ०.४२ अँपिअर. मला तो किरकोळ वाटला, पण तुम्ही तिथल्या तिथे गणित करायला लावलंत: दिवसाला जवळपास १० एएच, म्हणजे बोट पाच दिवस उभी राहिली तर अर्धी बॅटरी कुणी काहीच न वापरता खलास. मग एकेक फ्यूज काढत गेलात, आकडा हलेना, हलेना, आणि पंपाचा फ्यूज काढला तसा एकदम ०.०१ वर आला. सापडलं!

फ्लोट स्विचच्या, म्हणजे तळात पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचच्या, वायरचा जोड नुसता पीळ देऊन टेप मारलेला आणि तळाच्या खाऱ्या पाण्यात लोळत होता. टेप सोडल्यावर आत तांब्याच्या जागी हिरवा चिखल. शेजारच्या पितळी व्हॉल्ववर तुम्ही टॉर्च मारून दाखवलंत की तो कसा तांबूस पडत चाललाय, गळणारा करंट पाण्यातून जाताना धातू खातो आणि पितळातलं जस्त गेलं की असा रंग येतो. म्हणजे बॅटरीच्या नादात आम्ही जे बघतच नव्हतो ते बोटीला भोक पडण्याइतकं मोठं होतं.

भावोजी म्हणाले मग पंप मेन स्विचच्या मागे घेऊया, बोट उभी असताना बंदच राहील. तुम्ही ठाम नाही म्हणालात, पंप फ्यूज लावून थेट बॅटरीवरच पाहिजे, रात्री पाणी शिरलं तर मेन बंद असताना बोट वाचवणारा तोच एक आहे. जोड वर, पाणी पोचणार नाही तिथे घेतलात, नीट क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून, आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवलीत.

तरी चार्जिंगचं कोडं बाकीच होतं. इंजिन चालू, दिवे चालू, डायनमोवर १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर मात्र १३.०. डायनमो बिचारा ठणठणीत होता, नवीन घेतला असता तर हजारो रुपये पाण्यात! पॉझिटिव्हच्या वाटेत ०.२ व्होल्ट पडत होते, निगेटिव्हच्या वाटेत पूर्ण १. इंजिनच्या बॉडीला जिथे केबलचा लग (टोकाची धातूची कडी) बसतो तिथे खाली गंज आणि रंगाचा थर. केबल वरून छान काळी गुळगुळीत दिसत होती, तुम्ही ब्लेडने सालपट काढलंत तर आतलं तांबं वीतभर काळं पडलेलं, बोटाने चोळलं तर पावडर निघत होती. गाडीची केबल खाऱ्या हवेत अशी आतल्या आत मरते, बोटीला टिनचा मुलामा असलेल्या तारांची केबल घ्या, हे त्या दिवशी कळलं. ती मागवून आली, तुम्ही जागा घासून चकचकीत केलीत, लग आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावलीत. आधी नाही, नंतर. परत इंजिन चालू, आणि बॅटरीवर १४.१. तो आकडा मी वहीत लिहिला तेव्हा हे नुसते बघत राहिले.

काका, दुरुस्ती करणारे भेटतात हो. तुम्ही मला मीटर हातात देऊन शिकवलंत, बायकांचं काम नाही असं एका शब्दाने कधी सुचवलं नाहीत, चुकीच्या भोकात वायर गेली तर शांतपणे बोट दाखवलंत. आता सकाळी सेल्फ मारायच्या आधी मी आकडा घेते, १२.६ च्या आसपास असला की निर्धास्त, १२.२ दिसला की अर्धी उतरलीय म्हणजे आधी शोधायचं आणि मगच फेरी. इंजिन चालू असताना मेन स्विचला हात लावायचा नाही, डायनमोचे डायोड उडतात, हे भावोजींनी स्विचच्या बाजूलाच रंगाने लिहून टाकलंय. शेजारच्या मच्छीमार बोटीचं चार्जिंग पण परवा मीच बघितलं, त्यांचा निगेटिव्हचाच लग निघाला, आणि त्यांनी पैसे विचारले तेव्हा तुमचं नाव सांगितलं.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, केबल आणि नळीचेच पैसे घेतलेत, ते आम्हाला अजून खटकतं. ह्या पावसाळ्यात बोट वर काढून शाकारली की दुसरी बॅटरी बसवायची ठरलंय, एक फक्त सेल्फला आणि एक दिवे-पंपाला, तुम्हीच सुचवलं होतं तसं. वायरिंगची आकृती मी काढून ठेवलीय, येऊन एकदा लाल पेनाने तपासा, आणि त्या कामाची मजुरी मात्र घ्यायचीच, हे आत्ताच सगळ्यांसमोर सांगते.

तुमची वहीवाली पोर,
हर्णै