गप बसणारी टीम

पिंके,

काल रात्री तू आईला फोन केलेलास तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, टीव्ही बघतोय असं दाखवत होतो पण सगळं ऐकलं. ते नवीन पोरगं चार वाजता चुकीची स्क्रिप्ट चालवून बसलं, तुला रात्री अकराला सांगितलं, तू कॉलवर सगळ्यांसमोर त्याला झापलंस आणि आता आठवडा झाला तुझ्या मीटिंगमध्ये कोण तोंड उघडत नाही, सगळे कॅमेरा बंद करून नुसतं येस येस म्हणतात. आणि तू आईला विचारत होतीस की आजकालच्या पोरांना कामाचं काही पडलेलंच नाही का. आई म्हणाली पप्पांना विचार, तू म्हणालीस त्यांना काय कळणार आयटीतलं. बरोबर आहे, आयटीतलं नाही कळत. पण गप बसलेली टीम मी बघितलीय, माझीच होती.

२०१४ ची गोष्ट, तू तेव्हा नववीत. शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, सेकंड शिफ्ट माझ्याकडं. सँड प्लांटवर, जिथं साच्याची वाळू तयार होते तिथं, पाण्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि वाळूत पाणी जादा जात होतं. आपल्या मोल्डिंगच्या, म्हणजे साच्याच्या, वाळूत बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं, पाणी साधारण तीन-साडेतीन टक्के, त्याच्या बरंच वर गेलं की १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड साच्यात पडल्या पडल्या त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून झालेल्या मालात, भोकं. वरनं माल चकाचक दिसतो, मशीनशॉपला टूल लागलं की मग आतलं भोक, ब्लोहोल म्हणतो आम्ही, उघडं पडतं. अख्ख्या रात्रीचा माल गेला. सँड प्लांटवरच्या पोराला ते आठ वाजताच कळलं होतं, अगं नुसती मूठ दाबून बघितली तरी वाळू ओली आहे ते कळतं, पण तो बोलला नाही कारण आदल्याच आठवड्यात मी त्याला कसल्यातरी दुसऱ्या चुकीवरनं अख्ख्या शिफ्टपुढं सोलून काढला होता.

मी त्याच्यावर परत ओरडायला निघालो तर आमचे एक जुने मोल्डर, साचे करणारे, होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, ते म्हणाले, "साहेब, त्यानं सांगितलं असतं तर तुम्ही त्याला रात्रीच हाणला असता, नाही सांगितलं तर निदान सकाळपर्यंत निवांत." सगळे हसले, मी सोडून. रागच आला होता मला त्यांचा, खरं सांगतो, दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

मग एकदा शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना चहाला थांबवलं आणि माझी जुनी भानगड सांगितली. ट्रेनी असताना मी लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्यात, इनॉक्युलंट टाकायचंच विसरलो होतो, ते लोखंड कडक होऊ नये म्हणून टाकतात, दोन लॅडल तसेच ओतले आणि गपगार घरी आलो, कास्टिंग इतकं कडक झालं की मशीनशॉपवाल्यांची टूलं तुटली आणि ते टूलवाल्याला शिव्या घालत बसले. वीस वर्षं कुणाला बोललो नव्हतो, तुझ्या आईलासुद्धा. पोरं आधी बघतच राहिली, मग त्या सँड प्लांटवाल्यानं हळूच विचारलं, मग साहेब तुम्हाला कुणी बोललं नाही? तिथनं पुढं मला रात्री फोन यायला लागले. वाळू ओली वाटतीय, कोअर (साच्यात आत बसवायचा वाळूचा गाभा) ठिसूळ आहे, हा साच्याचा बॉक्स ओतू का नको. झोपमोड लई झाली. रिजेक्शन कमी झालं, पण त्याच वर्षी वाळू तपासायचं नवीन मशीनही आलेलं त्यामुळं सगळं श्रेय चहाला देणार नाही, आणि कंपनीनं पगार लांबवला असता तर चहानं काय झालं नसतं हेही आहेच.

नंतर कंपनीत एक ट्रेनिंगवाले आलेले, त्यांनी एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या बाई आहेत त्यांचं सांगितलं. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या, औषध देण्यात कुणाच्या चुका जास्त होतात म्हणून, तर चांगल्या टीमच्याच चुका जास्त दिसायला लागल्या. आधी त्यापण चक्रावल्या, मग लक्षात आलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बाकीच्या ठिकाणी लपवत होती. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, आमच्या सँड प्लांटचंच चाललंय. तुमच्या गुगलवाल्यांनीपण २०१२ पासून स्वतःच्या १८० च्या वर टीम तपासल्या आणि पहिल्या नंबरला निघालं काय, तर खुळा प्रश्न विचारायला आणि चूक कबूल करायला माणूस भितो का नाही ते. हे तुला माझ्याआधी माहीत असणार.

आणि काम करायची इच्छा कुठनं येते म्हणशील तर २०१९ चा पूर आठव. हायवेवर शिरोलीपाशी पाणी, आठवडाभर गाड्या बंद. पाणी उतरल्यावर मी कुणाला या म्हटलं नव्हतं तरी पहिल्याच शिफ्टला निम्म्याहून जास्त माणसं हजर, चिखल काढायला. आणि एकाचं चिखली गावातलं घर बुडलेलं, रविवारी तिथं घमेली घेऊन कोण कोण गेलं होतं ते सगळं त्या सँड प्लांटच्या पोरानं जमवलं होतं, आता तो तिथंच सुपरवायझर आहे. असल्या माणसांना ओव्हरटाइमला थांब म्हणावं लागत नाही, तेच विचारतात माल कधी द्यायचाय.

तुझी पहिली नोकरी विसरलीस वाटतं. तू "मी जेवलो", "मी निघालो" म्हणालीस की पुण्याची ती पोरं हसायची, त्यांना काय माहीत कोल्हापुरात बऱ्याच बायका असंच बोलतात, आणि तू दोन महिने मीटिंगमध्ये एक शब्द बोलली नव्हतीस. फोनवर रडायचीस. तुला काम येत नव्हतं होय? मग ती सीनियर पोरगी तुला रोज चहाला घेऊन जायला लागली आणि तिनं स्वतःचं काय काय बिघडवलं होतं ते सांगितलं, तेव्हा कुठं तुझं तोंड उघडलं, ते आजतागायत बंद नाही.

त्या पोराला उगंच गोड बोलू नकोस, चूक केलीय तर केलीय, सात तास का थांबलास ते विचारच, पण एकट्याला विचार आणि झापलंस सगळ्यांपुढं म्हणून सॉरी पण सगळ्यांपुढंच म्हण. जड जाईल. मला चार दिवस लागलेले.

शनिवारी येणार असशील तर गाडी कुठली ते कळव, स्टेशनला येतो. आई म्हणतीय, "मी पांढरा रस्सा करतो, तिला सांगा." आणि त्या पोराशी बोललीस का तेवढं आजच मेसेज कर, मी जागा आहे.

तुझे पप्पा