अण्णा, तुम्ही आधी माझा डावा हात बघितलात

आदरणीय अण्णा,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभाराचं बोलूच देत नाही. "बरं बरं, ठेव आता," म्हणता आणि खरंच ठेवून देता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. फौजेतून उतरलेले माझ्यासारखे कितीतरी जण आज कुठल्या ना कुठल्या सराफी पेढीच्या गाडीत रखवालीला पुढच्या सीटवर बसतात. कमरेला काय लावायचं हे ते दुकानात उभ्या उभ्या ठरवून टाकतात. मीही तेच करणार होतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधीची गोष्ट. दुकानाच्या काचेवर दोन हत्यारं मांडलेली होती. एक सरकारी कारखान्याचं .३२ चं अशनी पिस्तूल, दुसरं कानपूरचं .३२ चं रिव्हॉल्व्हर. दुकानदार पिस्तुलाकडे झुकलेला. आठ राउंड, अंगाने चपटं, शर्टाखाली उठून दिसत नाही, मॅगझिन बदललं की पुन्हा आठ तयार. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शिवाय मी सतरा वर्षं मिलिटरी पोलिसात काढलेली, शेवटची देवळाली कॅम्पात. ९ एमएम हाताला बसलेलं. ते प्रतिबंधित बोअर, तेव्हा आपल्यासारख्याला मिळणार नाही हे माहीत होतं. मग त्याचंच धाकटं भावंड घ्यावं, एवढाच माझा विचार. पेढीच्या मालकांनी, शेठजींनी, पैसे काढून ठेवले होते.

तुम्ही बाकावर बसला होतात, कुणाची तरी गंजलेली बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन. मी बाहेर पडलो तसे मागोमाग आलात. नाव नाही, गाव नाही. "हात दे," म्हणालात. मी उजवा पुढे केला. "डावा." माझी बोटं तुमच्या पंज्यात धरून "दाब" म्हणालात. २०१६ मध्ये मोटारसायकलवरून पडलो तेव्हापासून त्या मनगटात प्लेट आहे. जोर लावला आणि घाम आला. तुम्ही विचारलंत, "या हाताने स्लाइड ओढणार? आणि वेळ आली तर हा हात मोकळा असेल का?" स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे ओढला की गोळी नळीत चढते.

अण्णा, त्या दुकानात माझ्या हाताबद्दल कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा नव्हतं.

दोन्ही घेऊन बघू, असं म्हणायची सोय नव्हती. शस्त्र कायद्यात २०१९ ला बदल झाला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. शेठजींच्या नावावर वडिलांच्या वेळची बारा बोअर होतीच. राहिली एक जागा. परवाना त्यांचा, त्यावर रिटेनर, म्हणजे त्यांच्या वतीने हत्यार बाळगणारा, म्हणून माझं नाव. म्हणजे चूक झाली तर माझी मान आणि त्यांचीही. आमच्या परवान्यावर काडतुसं वर्षाला पन्नास. हा आकडा ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "पन्नासात माणूस पिस्तूल शिकत नाही. शिकलेलं टिकवतो फार तर." तेव्हा मला ते थोडं लागलं होतं.

त्यानंतर तुम्ही दोन लाकडी ठोकळे दिलेत. सागाचे, करवतीने कापून कानशीने घासलेले. एक पिस्तुलाच्या मापाचा, एक रिव्हॉल्व्हरच्या, आत शिसं ओतून वजन भरलेलं, वरून काळी टेप. पहिला आठ दिवस, मग दुसरा आठ दिवस, सकाळी आंघोळ झाल्यापासून रात्री जेवेपर्यंत कमरेला. बायको म्हणाली, हे काय नवीन. मी म्हटलं, शाळा. पिस्तुलाचा ठोकळा खरंच अंगासरशी बसायचा, दोन तासांनी विसरायला व्हायचं. रिव्हॉल्व्हरचा गोळ्यांच्या फिरत्या चक्रीपाशी फुगतो आणि बरगडीखाली टोचतो. तिथे पिस्तुलाचा एक गुण जास्त, हे तुम्हीच वहीत लिहून ठेवलंत. तुमचा कल आधीच ठरलेला नव्हता, म्हणून माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आणि मग गाडी. ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगतो. आपल्याकडे पुढच्या डाव्या सीटवर बसलं की बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि त्याचं बक्कल उजव्या कमरेशी लागतं. उजव्या कमरेला होल्स्टर असेल तर बक्कल नेमकं त्याच्यावर. पेढीच्या गाडीत मला बसवून, बेल्ट लावून, "काढ" म्हणालात. मी काढतोय, शर्ट अडकतोय, बेल्ट ताणतोय, ठोकळा अर्धा बाहेर आणि त्याचं तोंड ड्रायव्हरच्या मांडीकडे. ड्रायव्हर हसला. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी होल्स्टर डाव्या बाजूला आलं, मूठ पुढे करून, चाप पूर्ण झाकणारं. सतरा वर्षं मी जीपमध्ये बसलो, पण तिथे पट्टाच नव्हता, त्यामुळे हे कधी डोक्यात आलं नाही.

रायफल क्लबच्या रेंजवर, ज्यांची हत्यारं होती त्या परवानाधारकांच्या समोर, तुम्ही आधी वर्तमानपत्र पसरलंत आणि त्यावर दोन काडतुसं ठेवलीत. दोन्ही .३२ म्हणवतात. रिव्हॉल्व्हरचं लांब, २३ मिलिमीटरची पुंगळी, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाचं १७ मिलिमीटरचं, आखूड. "नाव एक म्हणून एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. एखाद्याचं बसेलही, म्हणून तर सांगतोय." फौजेत कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, मोजून मिळायचं ते भरायचं, ही उठाठेव कधी करावीच लागली नाही.

मग तुम्ही पाठ फिरवून भरलंत आणि मधे कुठेतरी लाल रंग दिलेला डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घातलात. कितवा ते मला माहीत नाही. पिस्तूल चाललं, चाललं, आणि क्लिक. डाव्या हाताने स्लाइड ओढायची, डमी बाहेर पडला पाहिजे, पुढचा राउंड चढला पाहिजे. पहिल्यांदा माझी पकड सुटली. दुसऱ्यांदा स्लाइड अर्ध्यावर आली आणि डमी तिरका अडकला. तुम्ही तोंडाने मोजत होतात, एक, दोन, तीन, सावकाश, आणि मी सातपर्यंत ऐकलं. नंतर रिव्हॉल्व्हर. क्लिक झालं, मी पुन्हा चाप ओढला, चक्री फिरली, गोळी गेली. डावा हात खाली लोंबत होता. मी काही बोललो नाही, तुम्हीही नाही. चहा घेतला.

पिस्तुलाची मी निंदा करत नाही. दोन्ही हात धड असतील, महिन्याला रेंजवर शंभर राउंड झाडायची ऐपत आणि परवानगी असेल, तर मी आजही अशनीच उचलीन. रिव्हॉल्व्हर रिकामं झालं की पुन्हा सहा भरायला जी खटपट लागते ती काही थोडी नाही. लांब आणि जड चाप ओढताना नेम हलतो, हेही खरं. शेवटी मी रिव्हॉल्व्हरच घेतलं, तेव्हा पहिले दोन महिने माझ्या गोळ्या कागदावर खाली डावीकडे जात होत्या. पण चेंबर, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळी बसते ते घर, रिकामं ठेवून पिस्तूल बाळगायचं तर वेळेला दोन हात हवेत, आणि माझा डावा हात त्या क्षणी मुनीमजींना मागे ढकलत असणार. चेंबर भरून सेफ्टीवर ठेवायचं तर रात्रंदिवस त्या छोट्या खटक्यावर भरवसा, माझ्या अंगठ्यावर भरवसा. तुम्ही माझा दिवस माझ्यापेक्षा नीट बघितला होतात.

पण ज्यासाठी मी आयुष्यभर तुमचा ऋणी राहीन ती धनत्रयोदशीची संध्याकाळ. मला हत्याराशिवाय बोलावलंत, सराफ बाजारात. पेढीसमोर गर्दीच्या मधोमध उभं केलंत आणि विचारलंत, "समज, आत्ता कुणी बॅग ओढली. कुठल्या दिशेला गोळी सोडशील?" मी समोर बघितलं. पणत्या विकणारी बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. उजवीकडे नवी अंगठी बघत उभं जोडपं. डावीकडे आकाशकंदील धरून पोरं. मागे आमचीच पायरी, पायरीवर आमचीच गिऱ्हाइकं. मी अख्खा फिरलो, एकदा, परत एकदा. एकही दिशा मोकळी नव्हती. तुम्ही म्हणालात, "मग आठ असोत की सहा, इथे शून्यच."

त्या रात्री घरी तुम्ही मला भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची कलमं मोठ्याने वाचायला लावलीत. गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, हे वाक्य तीनदा. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी नाही. सोन्याचा विमा असतो. आणि शस्त्र असलेल्याने बॅग धरायची नाही, ती मुनीमजींच्या हातात. या शेवटच्या नियमावर शेठजी आधी नाराज होते. आता तेच नव्या पोरांना सांगतात.

फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, सिन्नरहून येताना नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. तिन्हीसांजेची वेळ, पुढे बस, मागे ट्रक, गाडी तसूभर हलेना. गाडीत लग्नाच्या ऑर्डरचा माल. माझ्या बाजूच्या काचेवर धाडकन हात पडला. हेल्मेट घातलेले दोघं, एका मोटारसायकलवर. माझा हात होल्स्टरवर गेला, बटण सुटलं, मूठ हातात आली. आणि मला धनत्रयोदशी आठवली. त्या दोघांच्या मागे रिक्षा होती, रिक्षात शाळेच्या गणवेशातली मुलगी. मी हत्यार तिथेच ठेवलं, बोट बाहेर, आणि काच न उघडता मानेनेच विचारलं, काय? मागचा पोरगा ओरडला, "काका, डिकी उघडी आहे!"

खरंच होती. नीट लागली नव्हती.

घरी येऊन मी कुणालाच सांगितलं नाही. रात्री दोनला उठून ओट्यापाशी पाणी प्यालो आणि उजवा हात बघत बसलो. ते पोर वीसेक वर्षांचं असेल. अण्णा, हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.

बाकी क्षेमकुशल. पावसाळाभर तुमचं ऐकलं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्री ठेवत नाही, चामडं ओल धरतं. आषाढात रोज, एरवी आठवड्याला, पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि तेलाची चिंधी, चक्रीतली सहाही घरं वेगवेगळी पुसून. घामाचा हात नळीवर फिरला की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपका दिसतो, तो एकदाच दिसला. रात्री हत्यार पेढीच्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वहीवर सही माझी आणि मुनीमजींची. डमी घालून रोज वीस वेळा चाप ओढतो, भिंतीकडे तोंड करून. गोळ्या आता मधे जातात.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. अर्धा किलो चिवडा घेतलात, तोही अर्धा मलाच खायला लावलात. तुमचे दोन लाल डमी आणि पिस्तुलाचा ठोकळा अजून माझ्याकडे आहे. डमी परत आणतो, रविवारी, दहाच्या सुमारास. ठोकळा मात्र देणार नाही. पेढीवर नवीन पोरगा लागलाय, वायुसेनेतून आलेला, त्यालाही पिस्तूलच हवंय. गेल्या सोमवारपासून तो ठोकळा त्याच्या कमरेला आहे. रविवारी त्याला बरोबर घेऊन येतो. तुम्ही त्याचे हात बघा.

तुमचा आज्ञाधारक,
सराफ बाजारातला हवालदार