लाल पेन्सिलीची वही

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझा परवाचा मेसेज मी तीनदा वाचला. "बाबा, दीड महिना झाला, धड प्रार्थना नाही की शास्त्रपाठ नाही. आता एकदम गुडघे टेकायचीही लाज वाटते. आधी आठवडाभर नीट वागते, मग बसेन." आईने तो वाचला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलली काही नाही, पण मला समजलं. ते वाक्य तुझं नाहीच, माझं आहे. माझ्याकडूनच तू ते उचललंस. म्हणून आज लिहितोय. फोनवर माझं प्रवचन सुरू होतं आणि तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहतेस.

माझी ती वही आठवते? लांबट, जाड पुठ्ठ्याची. दर पानावर पट्टीने चार रकाने आखायचो: प्रार्थना, शास्त्रपाठ, उपवास, राग. पहिले तीन पाळले तर बरोबरची खूण. चौथ्यात राग आवरला तर खूण, नाहीतर जागा मोकळी. खुणा लाल पेन्सिलीने. रोज रात्री वही भरायची आणि शनिवारी बेरीज मारायची. बेरीज चांगली आली की रविवारी उपासनेला मी पुढच्या बाकावर बसायचो, वाईट आली की मागे, दाराजवळ. हे माझं गुपित आहे अशी माझी समजूत होती. तुझ्या आईला मी कुठे बसलो त्यावरून माझा आठवडा कळायचा, हे तिने पुष्कळ वर्षांनी हसत हसत सांगितलं.

आता मागे वळून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. चांगल्या आठवड्यात मला ख्रिस्ताची गरज नसायची, आणि वाईट आठवड्यात त्याच्यापर्यंत जायचं धाडस नसायचं. म्हणजे बारा महिने माझा व्यवहार वहीशीच. त्यात पुढच्या बाकावर बसलो की मागे बसलेल्यांविषयी जे मनात यायचं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रेषित पौलाने पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली, बायबलच्या नव्या करारातली पत्रं लागोपाठ वाचलीस तर एक गंमत दिसेल. करिंथच्या मंडळीत काय नव्हतं? एकमेकांवर खटले, तट, प्रभुभोजनाच्या वेळी कुणी भुकेला तर कुणी प्यायलेला. तरी पत्राच्या सुरुवातीला पौल त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांना लिहिताना मात्र आभाराचा एक शब्द नाही, नमस्कार झाला की थेट "मला आश्चर्य वाटते". त्यांनी असं काय केलं होतं? ख्रिस्ताला सोडतोय असं त्यांना वाटतही नव्हतं. ते फक्त त्याच्यात भर घालत होते: सुंता हवी, अमुक दिवस पाळायला हवेत. आत्म्याने आरंभ करून आता शेवट स्वतःच्या बळावर करणार का, असं तो त्यांना विचारतो. त्या प्रश्नापाशी मी बरीच वर्षं अडून होतो. तारण कृपेने, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण कृपा म्हणजे आत शिरायचा दरवाजा, आणि आत आल्यावर भाडं ज्याचं त्याने भरायचं, असा माझा हिशेब होता.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे फार जवळचं वाटतं. एवढी विद्वान बाई, शास्त्रांची जाण असलेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो मात्र सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. शिकवत होत्या, व्याख्यानं देत होत्या, विधवांसाठी शाळा काढली होती. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी दिसलं नसतं. नंतरही त्या काही स्वस्थ बसल्या नाहीत, उलट मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायचं काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत करत राहिल्या. काम तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलं. बदललं ते त्या कामाच्या मागे जे होतं ते.

आता नव्या करारातली एक मोजदाद सांगतो (मोजायची सवय अजून गेलेली नाही, हसू नकोस). 'ख्रिस्ती' हा शब्द त्यात सगळा मिळून ३ वेळा येतो. दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत, एकदा पेत्राच्या पत्रात. आणि 'ख्रिस्ताच्या ठायी', 'प्रभूच्या ठायी', 'त्याच्या ठायी' असे शब्द एकट्या पौलाच्या पत्रांत शंभराहून जास्त वेळा. आपण कोण, असं त्याला विचारलं तर तो पंथाचं नाव सांगत नाही, ठिकाण सांगतो: मी त्याच्यात आहे. आणि लगेच उलट बाजूनेही बोलतो: ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. मी हे वचन तोंडपाठ म्हणायचो आणि मनात त्याचा अर्थ लावायचो, "ख्रिस्तासारखं जगायचा कसून प्रयत्न कर." पौल नक्कल करण्याविषयी बोलतच नाहीये. तो सांगतोय की वधस्तंभावर माझं ते जुनं खातं बंद झालं, आता जे चाललंय ते त्याच्या जीवनावर चाललंय.

घरातलं उदाहरण देतो. मी रोज रात्री भांडी घासतो. लग्न टिकावं म्हणून घासत नाही. लग्न झालेलं आहे म्हणून घासतो (आणि आई सांगते म्हणून). एखाद्या दिवशी कंटाळा केला तर आई चिडते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा नवरा उरलो नाही असं होत नाही. आणि आठवडाभर नीट भांडी घासून मग बायकोशी बोलेन, असं मी म्हटलं तर तू मला वेड्यात काढशील.

येशूने शिष्यांना सांगितलेला वेल आणि फाटे यांचा दाखला तुला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे: मी वेल, तुम्ही फाटे, माझ्यात राहा. योहानाच्या पंधराव्या अध्यायात चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत मूळ भाषेत 'राहणे' हे क्रियापद दहा वेळा आलंय. पण मला जास्त धरून ठेवतं ते तिसरं वचन: तुम्ही शुद्ध झालेलाच आहात. हे कोणाला म्हटलंय, कधी म्हटलंय? ज्यांच्यात त्याच संध्याकाळी थोर कोण यावरून वाद झाला, जे काही तासांत त्याला टाकून पळणार होते, त्यांना. पळणार हे त्याला ठाऊक होतं, तसं तो बोललाही. आधी नीट वागा आणि मग माझ्यात राहा, असं तो म्हणाला नाही. फाट्याला फळ काढून दाखवायचं नसतं. रस वेलाचा असतो. फाटा तुटून वेगळा पडला की त्याला कितीही खत घाला.

तू विचारशील, मग प्रयत्न करायचाच नाही का? हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता, जरा जास्त उद्धटपणे: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहू या का? त्याचं उत्तर: कधीच नाही, आपण जे पापाला मेलोत ते त्यात कसे जगणार? तो स्वतः तर कष्टाळू माणूस. मी इतर सगळ्यांपेक्षा अधिक श्रम केले असं तो बेधडक लिहितो, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो, ते मी नाही, माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने केले. "सगळं देवावर सोड आणि गप्प बस" असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. प्रार्थनेला वेळ काढावाच लागतो, पहाटे उठावंही लागतं. पण जेवायला बसणं वेगळं आणि जेवल्याची नोंद ठेवणं वेगळं. मी वर्षानुवर्षं नोंदच ठेवत होतो.

माझं कधी बदललं ते विचारू नकोस. अमुक तारखेला, अमुक वाजता प्रकाश पडला, असं सांगायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. ऑपरेशननंतर मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा गुडघे टेकता येत नव्हते, औषधांच्या गुंगीत वाचता येत नव्हतं, उपवासाचा प्रश्नच नव्हता, आणि राग तर सगळ्यांवरच येत होता. चारी रकाने पानंच्या पानं कोरे. आणि त्या कोऱ्या पानांवर मी जितका सांभाळला गेलो तितका खुणा भरलेल्या पानांवर कधी गेलो नव्हतो. बरा झाल्यावर वही पुन्हा उघडली, चार दिवस भरली, मग विसरलो. बस, एवढंच. राग अजून येतो. गेल्याच आठवड्यात आईवर ओरडलो. फरक इतकाच की आता त्याच रात्री, त्याच तोंडाने प्रार्थना करतो. हे तोंड धुऊन येईपर्यंत तो दार बंद करून बसत नाही, यावर माझा विश्वास बसायला लागलाय.

म्हणून तू आठवडाभर थांबू नकोस. आज रात्री, गादीवर पडल्या पडल्या, डोळे मिटत असले तरी चालेल, एवढंच म्हण की प्रभू, मी आहे. दीड महिन्याचा हिशेब देऊ नकोस. तू त्याच्यात होतीस, तो दीड महिनाही.

परवा माळ्यावर ती वही सापडली. चाळताना एका पानावर थांबलो. तू पहिलीत किंवा दुसरीत असशील. त्या रात्री मी आईवर फार ओरडलो होतो आणि रागाचा रकाना मोकळा सोडला होता. तिथे एक वेडीवाकडी खूण आहे, पेन्सिल इतकी दाबून काढलेली की मागच्या पानावर वण उठलाय. ती मी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला त्यावरून रागावलो होतो, "दुसऱ्याच्या वहीत खोट्या खुणा करायच्या नसतात." तू रडत म्हणालीस, "पण मग तुम्ही मागे बसाल ना."

म्हणजे तुलाही माहीत होतं.

रविवारी फोन करशील तेव्हा "शास्त्रपाठ झाला का?" हा माझा पहिला प्रश्न असणार नाही, असं मी ठरवलंय. सवयीने तोंडातून निघालाच, तर नुसतं "बाबा, वही" एवढं म्हण. मी गप्प बसेन आणि फोन आईकडे देईन.

तुझा,
बाबा