महागडी केबल म्हणजे चांगले चित्र नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीत नवा टीव्ही घेणाऱ्या ग्राहकाच्या हाती दुकानदार हमखास सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्ससारखे उपकरण टीव्हीला जोडणारी तार) ठेवतो आणि तिच्यामुळे रंग खुलतात असे सांगतो. हा दावा निराधार आहे. एचडीएमआयमधून जाणारा संदेश डिजिटल असतो. तो नीट पोहोचला तर चित्र जसेच्या तसे उमटते, आणि केबल अपुरी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र अधूनमधून गायब होते, पण रंग फिके पडत नाहीत. मुलाम्याचा उपयोग टोके गंजू नयेत एवढाच; कोकणातल्या दमट हवेत तो असावा, इतकेच.

पाहायची असते ती क्षमता, म्हणजे केबल सेकंदाला किती माहिती वाहू शकते ते. 'हाय स्पीड' केबल सेट-टॉप बॉक्सच्या १०८० रेषांच्या चित्राला पुरून उरते. सेकंदाला ६० चौकटींच्या (फ्रेम) फोर-के, म्हणजे त्याच्या चौपट बारकाव्याच्या, चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिट माहिती वाहणारी 'प्रीमियम हाय स्पीड', तर १२० चौकटींच्या फोर-के व्हिडिओ गेमसाठी ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' केबल लागते, आणि तिच्या वेष्टनावर स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते. वेष्टनावर नुसता '२.०' किंवा '२.१' असा आवृत्ती क्रमांक छापणे एचडीएमआयच्या नियमांतच बसत नाही, तरी बाजारात सर्रास तेच दिसते. लांबी वाढली की क्षमता टिकवणे अवघड होते, म्हणून भिंतीतून केबल ओढण्यापूर्वी ती जोडून पाहावी. विक्रेत्यांनी ही माहिती दर्शनी भागात मराठीत लावावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी